लिंबं येतात श्रावणात, लागतात चैत्रात

2022 च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका लिंबाला दहा-दहा रुपये मोजावे लागत होते. त्याच दिवसांत आमच्या सहकारनगरच्या अंगणातलं झाड बोराएवढ्या हिरव्या फळांनी लगडलेलं होतं आणि काढण्याजोगी लिंबं होती मोजून सात. आदल्या ऑगस्टमध्ये याच झाडाची लिंबं मी पिशव्या भरभरून शेजारीपाजारी वाटली होती, तरी चाळीस-पन्नास झाडाखाली सडून गेली. त्या उन्हाळ्यात डोक्यात पक्कं बसलं की घरचं लिंबू म्हणजे दोन कामं: एक, झाड जगवायचं आणि फळवायचं, दुसरं, श्रावणात आलेला ढीग चैत्र-वैशाखापर्यंत पुरवायचा. पहिल्या कामाबद्दल सगळे बोलतात, दुसरं कुणी सांगत नाही. इथे दोन्ही लिहिते आहे, जे मला चौदा वर्षांत चुकतमाकत कळलं तेवढं.

रोप घेताना

पुण्याच्या हवेत सगळ्यात बिनत्रासाचं म्हणजे कागदी लिंबू. पातळ साल, भरपूर रस. मोसंबी-संत्रं लावायचा मोह होतो, पण अंगणात एकाच झाडाची जागा असेल तर स्वयंपाकघराला रोज लागतं ते लावावं. पपनसाचं झाड देखणं असतं, गणपतीत फळंही होतात, पण ते पसरतं फार. बंगल्याची मोकळी जागा असेल तरच.

कागदी लिंबाची गंमत अशी की बियांपासून केलेलं रोपही बहुतेक वेळा आईसारखंच निघतं. एका बीतून दोन-तीन अंकुर येतात आणि त्यातले बरेचसे मूळ झाडाचीच नक्कल असतात. म्हणून बियांचं रोप कमी प्रतीचं असं समजू नका. फक्त फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागतं; कलम दोन-तीन वर्षांत फळतं. जात विचारायचीच तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ मागा. खैऱ्या या पावसात पसरणाऱ्या रोगाला ती इतर कागदी लिंबांपेक्षा बरी टिकते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात किंवा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात आधी चौकशी करावी, मग रस्त्याकडेच्या नर्सरीत जावं.

नर्सरीतून कलम घेत असाल तर माझी फजिती ऐका. पहिलं झाड मी ‘बारमाही, बिनबियांचं’ म्हणून आणलं. दोन वर्षांत असं जोमानं वाढलं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होते. तिसऱ्या वर्षी फळं आली ती खडबडीत, जाड सालीची, आत रस जेमतेम. वरचं कलम कधीच मेलं होतं आणि खालचा जंबेरीचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते जाड सालीच्या लिंबाचं रोप, मोठा झाला होता! मी तीन वर्षं खुंटाला खत घातलं. तेव्हा कलम घेताना खोडावरचा सांधा बोटानं चाचपून बघा, आणि घरी आणल्यावर त्या सांध्याच्या खालून फूट आली की कोवळी असतानाच अंगठ्यानं खुडून टाका. हे काम आयुष्यभर करायचं आहे.

जागा आणि खड्डा

सहा-आठ तास ऊन हवं. शेजारच्या जुन्या बंगल्याच्या जागी बारा मजले उभे राहिले की हे गणित बिघडतं, त्याला इलाज नाही. भिंतीपासून निदान आठ फूट सोडा, आणि जाण्या-येण्याच्या वाटेवर लावू नका. काटे चांगले टोकदार असतात.

खड्डा दोन ते तीन फूट लांब, रुंद, खोल. एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावा आणि मृग निघून एक-दोन चांगले पाऊस झाले की भरावा. खणताना काय निघतं ते नीट बघा. पुण्यात वीतभर काळी माती आणि खाली मुरूम निघाला तर तुम्ही नशीबवान. पाण्याचा निचरा आपोआप होतो. नुसती काळी, चिकट माती असेल तर तळाशी विटांचे तुकडे आणि मुरूम टाका. आणि बांधकामाचा राडारोडा निघाला (नव्या सोसायट्यांच्या तळमजल्यावर हमखास निघतो) तर तो सगळा उपसून बाहेर काढा. त्यातल्या सिमेंट-चुन्यामुळे माती चुनखडीची होते, मुळांना लोह आणि जस्त मिळत नाही आणि झाड जन्मभर पिवळं राहतं. आमच्या समोरच्या वहिनींचं झाड सहा वर्षं तसंच उभं आहे, ना मरतं ना वाढतं.

भरायला निम्मी चांगली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. ओलं शेण अजिबात नको, मुळं खाणारी हुमणी अळी लागते. रोप लावताना कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. काठीचा आधार द्या आणि पहिली दोन वर्षं येणारी फळं बारीक असतानाच काढून टाका. जीवावर येतं, पण काढा.

पाणी: झाडं यानेच मरतात

माझ्या पाहण्यातली अंगणातली लिंबाची झाडं उन्हानं मेलेली नाहीत, पाण्यानं मेली आहेत. रोज सकाळी नळी घेऊन फुलझाडांना पाणी घालताना लिंबाच्या बुंध्यातही एक फेरी मारायची, ही सवय. बुंधा सतत ओला राहिला की त्यावर बुरशी शिरते, साल तडकते, डिंक गळायला लागतो. याला डिंक्या म्हणतात. वर्षा-दीड वर्षात झाड शेंड्याकडून वाळत येतं, आणि मग आपण ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी घालतो.

यावर उपाय म्हणजे दुहेरी आळं. बुंध्याभोवती फूटभर अंतरावर मातीचा छोटा गोल बांध घालायचा, आतली माती किंचित उंच ठेवायची, आणि दुसरा बांध बाहेर, झाडाचा घेर जिथे संपतो तिथे. पाणी फक्त या दोन बांधांच्या मधल्या खोलगट चरात. खोड कोरडं राहतं आणि पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या असतात तिथेच ओल पोचते. झाडाचा घेर वाढेल तसा बाहेरचा बांध दरवर्षी सरकवा. चरात पालापाचोळ्याचा तीन-चार बोटं थर द्या, पण तो खोडाला चिकटू देऊ नका.

किती दिवसांनी? मोठ्या झाडाला हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांनी. पावसाळ्यात पाणी नाही. उलट बाहेरचा बांध एका जागी फोडून ठेवा, म्हणजे आळ्यात तळं साचणार नाही. दिवस मोजण्यापेक्षा बोट घालून बघा: दोन पेरांपर्यंत माती कोरडी असेल तरच पाणी. लहान रोपाला उन्हाळ्यात दिवसाआड लागतं.

आणखी एक, पुण्यात हल्ली फार चालतं म्हणून सांगते. पाणी वाचवायचं म्हणून आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात आणि लिंबूवर्गीय झाडांना क्षार अजिबात सोसत नाहीत. पानांची टोकं जळल्यासारखी तपकिरी होतात. त्या पाण्यानं फरशी पुसा. जड बोअरचं पाणीही नेहमीसाठी नको.

खत आणि पिवळी पानं

मोठ्या झाडाला जूनमध्ये एक-दोन घमेली शेणखत किंवा गांडूळखत आणि किलोभर निंबोळी पेंड, पुन्हा तेवढंच जानेवारीत. आळ्यात कुदळ घालू नका, बारीक मुळ्या वरच्या फूटभर मातीतच असतात. खुरप्यानं वरवर हलवून खत मिसळायचं. युरिया मी घालत नाही. त्यानं लुसलुशीत नवती फुटते आणि तिच्यावर नागअळी तुटून पडते.

पिवळं पान वाचायला शिका. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर खत कमी आहे किंवा मुळाशी पाणी साचतंय. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह-जस्ताची कमतरता. दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्मी विरलेल्या चुन्याची निवळी, अशी फवारणी नव्या नवतीवर संध्याकाळी करायची. चुना वगळू नका, नुसत्या झिंकनं पानं भाजतात. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) मिळतो. दोन्ही मिसळून फवारण्याची घाई नको. आठवड्याच्या अंतरानं द्या.

अळ्या, खैऱ्या, डिंक्या

पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं आणि ते हललं, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. लहान झाडाची पानं दोन दिवसांत फस्त करते. मोठ्या झाडावर मी तिला राहू देते, रोपावरच्या वेचून शेजारच्या कढीपत्त्यावर सोडते (तिला तोही चालतो, कढीपत्त्याला मात्र विचारलेलं नाही). नागअळीमुळे कोवळ्या पानांवर रुपेरी नागमोडी रेषा उमटतात आणि पानं वळतात. नवती फुटू लागताच पाच टक्के निंबोळी अर्क आठ-दहा दिवसांनी दोनदा फवारला की पुरतं.

खैऱ्या हा खरा शत्रू. पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर खडबडीत तपकिरी खपल्या, भोवती पिवळसर कडं. हा जिवाणूजन्य रोग आहे, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. फळ आतून चांगलंच असतं, रस वापरता येतो, पण लोणच्याला ती साल चालत नाही. मे संपता संपता रोगट फांद्या कापून जाळा आणि पहिल्या पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. बोर्डो घरी करता येतं: प्लास्टिकच्या एका बादलीत पाच लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), दुसऱ्या बादलीत पाच लिटर पाण्यात 100 ग्रॅम चुना, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काठीनं ढवळायचं. मग त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आंबट आहे, आणखी चुना घाला. त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवू नका. फवारल्यावर पंधरा दिवस फळं काढू नयेत आणि नंतरही चोळून धुवावीत.

याचीच दाट पेस्ट, म्हणजे लिटरभर पाण्यात मोरचूद आणि चुना 100-100 ग्रॅम, पावसाआधी आणि पावसानंतर खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावली की डिंक्या लांब राहतो. डिंक आलेलाच असेल तर ती जागा धारदार चाकूनं खरवडून मग लावा.

छाटणी फार नाही. वाळलेल्या काड्या, आत एकमेकांत घुसलेल्या फांद्या आणि पानसोट, म्हणजे खोडातून सरळ उभे, जाड, काटेरी फुटलेले धुमारे. ते अन्न खातात आणि फळत नाहीत. जुन्या खराट्याच्या दांड्यासारखे दिसले की कापा.

बहर

लिंबू वर्षभर थोडं थोडं फुलतं, पण मुख्य बहर तीन. जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहर, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. फुलापासून फळाला पाच-सहा महिने लागतात. म्हणजे उन्हाळ्यात लिंबं हवी असतील तर झाडानं हस्ताच्या पावसात फुलायला हवं, आणि नेमकं तेव्हा जमीन ओली असते, झाडाला भरपूर फुलण्याआधी लागणारा पाण्याचा ताण बसत नाही. शेतकरी त्यासाठी वाढ रोखणारी औषधं फवारतात. अंगणातल्या एका झाडासाठी हा खटाटोप कुणी करू नये असं माझं मत आहे. शेतकऱ्याला उन्हाळ्यात मिळणारा महाग भाव त्याच्या मेहनतीचा आहे, आपण आंबे बहर घ्यावा.

चार वर्षांपुढच्या झाडाला डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडा. मुरमाड जमिनीत दोन-तीन आठवडे, काळ्या मातीत चार. पानं मलूल होतील, थोडी गळतील. घरातलं कुणीतरी दया येऊन तांब्याभर पाणी घालतंच, त्याच्यावर लक्ष ठेवा. मग खुरपणी, खत, आणि पहिलं पाणी हलकं, दुसरं त्याहून जास्त, तिसरं भरपूर. दोन-तीन आठवड्यांत कळ्या दिसतात आणि संध्याकाळी अंगणभर वास सुटतो. यातली बहुतेक फुलं गळणार आहेत, घाबरू नका. फळं वाटाण्याएवढी असताना मात्र पाण्यात खंड पडू देऊ नका. मेमध्ये पाणीकपात असली तरी धुण्या-भांड्याचं साबणाचं पाणी नको, तांदूळ-भाज्या धुतलेलं चालेल.

तोडणी

गडद हिरवा रंग फिका होऊन पोपटी-पिवळसर झाला, साल गुळगुळीत आणि चकचकीत झाली, हातात जड लागलं की काढा. झाडावरून उतरवल्यावर साल पिवळी होईल, पण रस वाढणार नाही. ओढून तोडू नका. देठाची चकती निघून येते आणि तिथूनच फळ सडतं. कात्रीनं देठासकट कापा. पाऊस पडत असताना काढलेली लिंबं टिकत नाहीत, दुपारी उघडीप मिळाली की काढावीत. आणि जमिनीवर पडलेली वेगळी ठेवा, त्याच दिवशी पिळायची.

रस हाताला लागलेला असताना उन्हात काम करू नका. लिंबाच्या रसातल्या आणि सालीतल्या द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजते, काळे डाग पडतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. माझ्या मनगटावर आहे एक.

श्रावणातला ढीग

ताजी म्हणून वापरायची लिंबं पुसून, कोरडी करून, बंद डब्यात फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहतात. डब्याच्या तळाशी सुती फडकं घाला आणि आठवड्यातून एकदा उलटसुलट करा. एक सडलं की शेजारची चार घेऊन जातं.

बाकीच्यांचा सगळ्यात उपयोगी रस्ता म्हणजे रस काढून गोठवणं. किलोभर लिंबांत साधारण 400 मिली रस निघतो. हलक्या हातानं पिळा, साल आणि बिया चिरडल्या की कडूपणा उतरतो. गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठले की खडे पिशवीत भरून हवा काढून टाका, वर महिना लिहा. एका खड्यात दोन पेले सरबत होतं. पुढच्या मेपर्यंत टिकतो. ताज्याचा झणका नसतो, पण वरणभातावर नाही तरी सरबताला, पोह्यांना, मिसळीला पुरेसा असतो. मी वर्षाला शंभरेक खडे करते.

फ्रीजरात जागा नसेल तर कच्चा पाक. एक वाटी रस, दोन वाट्या साखर, पाव चमचा मीठ, काचेच्या बरणीत. उकळायचं नाही. सकाळ-संध्याकाळ कोरड्या चमच्यानं ढवळलं की तीन-चार दिवसांत साखर विरघळते. मग फ्रिजमध्ये. एक भाग पाकाला चार भाग पाणी. आल्याचा रस घालायचा तर प्यायच्या वेळी घाला, आधी घातला तर लवकर बिघडतो.

लोणच्याची अडचण अशी की लिंबं श्रावणात येतात आणि तेव्हा ऊन नसतं. आईची युक्ती: पंचवीस डागविरहित लिंबं धुऊन, पुसून, पंख्याखाली रात्रभर पूर्ण कोरडी करायची. वीस चिरायची, प्रत्येकाच्या आठ फोडी, बिया काढून. पाच पिळायची. फोडी, रस, वाटीभर मीठ (साधारण 200 ग्रॅम) आणि चमचाभर हळद चिनी मातीच्या बरणीत घालून तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा. ओट्यावर ठेवून रोज बरणी हलवायची. खाराच्या वर फोडी उघड्या राहिल्या तर बुरा येतो, तेव्हा दाबून बसवा. ऑक्टोबरचं ऊन तापलं की दहा-बारा दिवस उन्हात. साल बोटानं दाबली की दबते आणि फोड अर्धपारदर्शक दिसते, तेव्हा 400-500 ग्रॅम साखर आणि 50 ग्रॅम तिखट. आधी साखर घालायची घाई करू नका, साल कडक राहून जाते. उपासाला हवं असेल तर हळद वगळा. पितळी पातेलं, ॲल्युमिनियम, लोखंडी चमचा यांना जवळ येऊ देऊ नका.

पिळलेल्या साली टाकायच्या नाहीत. मीठ लावून तांब्या-पितळेची भांडी घासा, किंवा एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी प्लास्टिकच्या बाटलीत तीन महिने ठेवा. फरशी पुसायला उत्तम. बाटली काठोकाठ भरू नका आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. माझी एक बाटली रात्री अडीचला फुटली होती, सगळे उठून बसले.

आणि एक छोटी बरणी नुसत्या मीठ-लिंबाची. लिंबाला देठाकडून उभ्या चार चिरा, पण खाली जोडलेलंच ठेवून, आत जाडं मीठ ठासून भरायचं, वरून लिंबाचाच रस फळं बुडेपर्यंत. बाकी काही नाही. पहिल्या वर्षी ते तपकिरी होतं, तिसऱ्या वर्षी काळंभोर आणि लोण्यासारखं मऊ. तापातून उठलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर नखाएवढा तुकडा पुरतो. आमच्या फडताळात 2019 ची बरणी आहे, अर्धी भरलेली.